कोच टोरसन यांचा डावा हात

लेलँड टोरसन यांची सगळी हयात दुसरीच्या वर्गाला शिकवण्यात गेली होती. निवृत्तीनंतर ते गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवत; अमेरिकेतला, चेंडू छातीशी धरून पळायचा. तेवढ्या पुण्याईवर एल्म फोर्क कॉलेजनं त्यांना कोच नेमलं. खरं म्हणजे, तीन वर्षांत एकही मॅच न जिंकलेली टीम सांभाळायला डाकोटाच्या त्या वाऱ्यात दुसरं कोणी येतच नव्हतं.

लेलँडना स्वतःबद्दल फारसे गैरसमज नव्हते. एकच होता, की आपल्याला शिकवता येतं. पहिल्याच दिवशी ते शेवटच्या वर्षाच्या मुलांना म्हणाले, "पदवी घेण्याआधी तुम्ही एक तरी मॅच जिंकाल. माझा शब्द."

"कोच, शब्द नका देऊ," पहाडासारखा फालेटा म्हणाला. "आधीच्या तिघांनीही दिला होता."

सराव झकास चाले. कोच "डावीकडून!" असं ओरडले की अकराच्या अकरा जण डावीकडे. मॅचमध्ये मात्र गोंगाटात शब्द ऐकू जात नसे. तिथं ते कडेला उभे राहून हातानं खूण करत. वर्गात फळ्याकडे बघावं तसं सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं, हा त्यांचाच नियम. आणि तिथंच घोटाळा होई. चेंडू घेऊन कप्तान रॉस्को एकीकडे, त्याला वाचवणारे दुसरीकडे. एकदा तर आपलेच दोघे एकमेकांवर आदळून पडले. त्यांना समोरच्या टीमनं हात देऊन उठवलं.

आजूबाजूच्या कॉलेजांनी माजी विद्यार्थ्यांचे मेळावे एल्म फोर्कच्या मॅचलाच ठेवले. विजय ठरलेला, पाहुण्यांचा विरस व्हायला नको!

लेलँडनी जालीम उपाय काढला. प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला लाल लोकर. "लोकर दिसते तो डावा." सव्वाशे किलोची पोरं मुकाट्यानं हात पुढे करून रांगेत उभी राहिली.

घरी आर्डिस, त्यांची बायको, म्हणाली, "आता दूध पाजून झोपवा त्यांना."

"गरज पडली तर तेही करीन," लेलँड गंभीरपणे म्हणाले.

एकच मॅच उरली तेव्हा रॉस्को घरी आला. लहानपणी तो त्यांच्याच दुसरीत होता. बाकीचे 'कोच' म्हणत, तो अजून 'सर' म्हणे.

"सर, रागावणार नाही ना?"

"बोल."

"तुमच्या दुसरीतले आम्ही तिघं एकीकडे पळतो आणि बाकीचे आठ दुसरीकडे. काल मी नीट पाहिलं. तुम्हाला डावीकडे म्हणायचं असतं तेव्हा तुम्ही उजवा हात वर करता."

"मी?"

"वर्गात आमच्याकडे तोंड करून कवायत घ्यायचात. आम्हाला आरशातल्यासारखं दिसावं म्हणून उलटा हात उचलायचात. आम्हाला ते बरोबर कळतं. त्या बिचाऱ्या आठांना काय कल्पना?"

लेलँडनी दोन्ही हातांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आणि हे कळायला तुला सगळा हंगाम लागला?"

"तुम्ही चुकत असाल असं डोक्यातच आलं नाही, सर."

एवढ्या पराभवांत जे झालं नव्हतं, ते या वाक्यानं झालं. लेलँडना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांनी आरशासमोर सराव करून पाहिला. आरसा त्यांच्याच बाजूचा निघाला.

दुपारी त्यांनी टीमला सगळं सांगितलं आणि ओळीनं सगळ्यांची लोकर कापली. आधी कोणी हसेना. मग फालेटानं विचारलं, "कोच, ही लोकर तुम्हाला बांधू का?" आणि जो हशा पिकला, तो थांबेचना.

"माझे हात आता खिशात," लेलँड म्हणाले. "कुठून पळायचं ते रॉस्को ठरवेल."

शेवटच्या मॅचला बर्फ भुरभुरत होतं. शेवटचं मिनिट. एल्म फोर्क चार गुणांनी मागे, पण पलीकडची रेषा हाकेच्या अंतरावर. चेंडू घेऊन ती ओलांडली की सहा गुण, म्हणजे जिंकलो; नाहीतर ही पोरं तशीच घरी. रॉस्कोनं सवयीनं कडेला पाहिलं. लेलँडना डावीकडे मोकळी जागा स्वच्छ दिसत होती. खिशाचं अस्तर त्यांनी मुठीत गच्च धरलं. हात बाहेर आला असता तर कोणता आला असता, देव जाणे.

रॉस्को क्षणभर थांबला. मग दहाजणांकडे वळून ओरडला आणि फालेटाच्या पाठोपाठ उजवीकडून घुसला. सगळे एकाच दिशेला गेले. बर्फात ढीग झाला, आणि ढिगाच्या तळाशी, रेषेपलीकडे, चेंडू कवटाळलेला रॉस्को सापडला.

जिंकल्यावर कोचच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याचं पिंप ओतायची रीत. या मुलांनी आजवर दुसऱ्यांनाच ती करताना पाहिलं होतं. रॉस्को आणि फालेटा पिंप उचलून लेलँडच्या मागे आले खरे, पण तसेच उभे राहिले.

"सर," रॉस्कोनं हळूच विचारलं, "ओतू का?"

लेलँडनी बाहीला डोळे पुसले.

"ओता की. पण आधी झाकण काढा, बाळांनो."