थंड पाणी पिणारी पाहुणी

मी एक जुना थर्मास आहे. लाल पत्र्याचं अंग, त्यावर आमच्या लोयांग या चिनी शहराची ओळख असलेली दोन टपोरी, गुलाबासारखी भरगच्च मुदानची फुलं, तोंडाला बूच आणि बुचावर ॲल्युमिनियमचं झाकण. एक फूल आता अर्धंच उरलंय, कारण म्याओ आजींचा हात रोज नेमका तिथेच पडतो. मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटत नाही. हात लागून झिजणं हे कपाटात राहून चकाकण्यापेक्षा बरं.

आजींच्या लग्नात कापडगिरणीतल्या मैत्रिणींनी आम्हा दोघा थर्मासांची जोडी आहेर म्हणून दिली. त्या काळी अशी जोडी नसेल तर लग्नाला शोभा नसे. माझा जोडीदार पुढे आजींच्या मुलाबरोबर दक्षिणेला गेला आणि त्याची खबर पुन्हा लागली नाही. मी मात्र इथेच राहिलो. पहाटे किटली शिटी घाले आणि आजी मला काठोकाठ भरत. आजोबांचा चहा, मुलाचं दूध, रात्री पाय धुवायचं पाणी, सगळं माझ्या पोटातून. आमच्याकडे थंड पाणी कोणी पीत नाही. पोट दुखलं, गरम पाणी. ताप आला, गरम पाणी. मुलगा परीक्षेत नापास झाला तेव्हाही आजोबांनी आधी त्याला गरम पाणी पाजलं आणि मग छडी शोधली.

पुढे आजोबा गेले. मुलगा वर्षातून एकदा, वसंताच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला येऊ लागला. आजी मला अर्धाच भरू लागल्या.

मग एका ऑगस्टमध्ये वल्लरी आली. महाविद्यालयातल्या श्याओ बाईंनी तिला चार महिन्यांसाठी आमच्याकडे आणून सोडलं. भारतातल्या इचलकरंजी नावाच्या गावची ती विद्यार्थिनी. पहिल्यांदाच देश सोडून निघालेली. आमची भाषा शिकून आली होती, सावकाश पण नीट बोलायची. आजींनी त्या दिवशी मला काठोकाठ भरलं. कितीतरी वर्षांनी माझं बूच वाफेने टुपकन उडालं.

घामाने निथळणाऱ्या पोरीपुढे आजींनी वाफाळता पेला ठेवला. ती पेल्याकडे बघतच राहिली.

"आजी, थंड नाही का?"

"थंड? या वयात पोटात बर्फाचा कारखाना घालायचाय का? पी गुमान."

तेवढ्यात शेजारच्या पांग काकू डोकावल्या. "ही का ती? चेहरा गोड आहे गं, पण अगदीच वाळकुडी. वडील काय करतात? पगार किती त्यांना?" वल्लरीला ठसकाच लागला. इथे ही साधी चौकशी असते, हे तिला कोण सांगणार? महिन्याभराने याच काकू कौतुकाने म्हणाल्या, "आता कशी छान जाडी झालीस." त्या रात्री पोर एक घास कमी जेवली.

पण आजींच्या मनाला वेगळाच घोर लागला होता. वल्लरी प्रत्येक गोष्टीला आभार मानायची. पाणी दिलं, आभार. वाटीत शेवया वाढल्या, आभार. दार उघडलं तरी आभार.

"मी काय खानावळ चालवते?" आजी पांग काकूंना म्हणाल्या. "घरचं माणूस कधी आभार मानतं का? तिला माझ्याकडे परकं वाटतंय. बघ तू, जाईल ती."

मला आजींचा आवाज ओळखू येतो, मित्रांनो. त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

एका शनिवारी दुपारी सगळी चाळ जेवून झोपली होती. वल्लरी उन्हातून आली, दुकानातून गार पाण्याची मोठी बाटली घेऊन. हा थर्मास गरम पाणी गरम ठेवतो, मग थंड पाणी थंडच ठेवेल, असा तिने विचार केला. विचार अगदी बरोबर होता. फक्त माझ्या पोटात सकाळचं कढत पाणी होतं. तिने ते पातेल्यात ओतलं आणि तापलेल्या काचेत सरळ बर्फासारखं पाणी सोडलं.

फट्. माझ्या पोटात काचांचा चुरा झाला.

पोरीने लपवलं नाही. रडत रडत आजींना उठवलं आणि सगळं सांगितलं. आजींनी मला हलवलं, आतली खळखळ ऐकली.

"तुला लागलं नाही ना?"

"नाही."

"बरं."

एवढंच. मला त्यांनी गॅलरीत नेऊन ठेवलं. वल्लरीला वाटलं, आजींनी राग गिळला. मला वाटलं, आता मी भंगारात.

दुसऱ्या दिवशी वल्लरीने स्टीलचा चकचकीत थर्मास आणला आणि दोन्ही हातांनी आजींपुढे धरला. आजींनी दोनदा "नको, नको" म्हणून ढकलला. तिसऱ्यांदा घेतला, पण खोका उघडलासुद्धा नाही. संध्याकाळी पोर बाहेर गेल्यावर त्यांनी तो खोका हळूच तिच्या पलंगाखालच्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी सारला. आमच्याकडे असंच करतात. जी भेट घ्यायची नसते ती देणाऱ्याच्याच पिशवीत गुपचूप परत जाते, आणि घरी पोचल्यावर सापडली की त्याला हसू येतं. तीन महिन्यांनी बॅग उघडेल तेव्हा बघेल, असा आजींचा हिशेब होता.

पण वल्लरीने दोनच दिवसांनी शब्दकोश काढायला बॅग ओढली. खोका हाताला लागला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने श्याओ बाईंना फोन लावला.

"बाई, वसतिगृहात खोली मिळेल का? आजींना मी नकोशी झालेय. माझी भेट त्यांनी माझ्याच बॅगेत घालून ठेवली. मी निघावं, असंच त्यांना सुचवायचं असेल."

खोली होती. सोमवारी या, म्हणाल्या बाई.

स्वयंपाकघरात आजींच्या हातातलं लाटणं थांबलं. प्रत्येक शब्द त्यांच्या कानावर पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्या बाहेर गेल्या आणि तीन बाजार पालथे घालून दुपारी परतल्या. काखेत पुठ्ठ्याची लांब नळी होती. आत माझ्या मापाची नवी काच. आजी गॅलरीत बसल्या, मला उलटा केला आणि तळाची चकती फिरवू लागल्या. गंजामुळे ती हलेना. चाळीस वर्षं माग चालवलेली त्यांची बोटं आता थरथरतात.

"पोरी, इकडे ये. हे तुझे आजोबा करायचे. मला जमत नाही. घट्ट धर."

वल्लरीने ओढणी गुंडाळून जोर लावला. चकती फिरली. तिने फुटकी काच वर्तमानपत्रात ओतली आणि मान वर न करता विचारलं, "नवा थर्मास का परत केलात?"

"तुझ्या घरी बरणी फोडलीस, तर आईला भरपाई देतेस का?"

"नाही. ती ओरडते."

"मग मीही ओरडते. मूर्ख कार्टे, तापलेल्या काचेत कोणी बर्फ ओततं का? डोकं काय विमानात विसरलीस? हाताला लागलं असतं म्हणजे तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

आजी चांगली पाच मिनिटं ओरडल्या. त्या पाच मिनिटांत वल्लरी आधी रडली, मग हसू लागली, आणि आजी आणखी ओरडल्या. मग तिने नवी काच माझ्या पोटात अलगद बसवली, चकती आवळली, आणि हात पुसून फोन उचलला.

"श्याओ बाई, खोली नको. मला घरी ओरडा बसलाय."

मित्रांनो, मला टाकून देणं सोपं होतं. म्हणून सांगतो, काच फुटली की लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी तळ फिरवून बघा. आणि घरी आलेल्या परक्या पोरीच्या हातून काही फुटलं, तर "बरं" म्हणून गप्प बसू नका. मायेने चार शब्द ओरडा. नाहीतर ती बिचारी बॅग भरायला घेते.