बंदुकीची सोबत

शनिवारी सकाळी मास्तर सगळ्यांच्या आधी उठत. आधी दात बसवत, मग चष्मा चढवत, आणि दोन्ही जागच्या जागी बसल्याची खात्री झाली की लोखंडी कपाट उघडून आपली दुनळी बंदूक बाहेर काढत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या कोटाच्या अस्तराचा तुकडा अंथरायचा, बंदूक मधोमध वाकवून नळ्या खिडकीकडे धरायच्या, दोन्हींतून उजेड दिसला की "मोकळी!" असे मोठ्याने जाहीर करायचे, मग ऐकायला कोणी असो वा नसो. त्यानंतर तिचे तीन भाग होत. नळ्या आणि खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता चामडी पेटीत जात. नळ्यांखाली बसणारा वीतभर लाकडी तुकडा मात्र रुमालात गुंडाळून सूनबाईच्या पर्समध्ये, तिच्या डब्याशेजारी जाई. त्या तुकड्यावाचून बंदूक जुळत नाही. बसमध्ये पेटी कोणी पळवलीच, तर चोराच्या हाती नुसते लोखंड लागावे, अशी मास्तरांची योजना होती.

"आणि चोरानं पर्सपण नेली तर?" बायकोने चहा गाळता गाळता विचारले. हा प्रश्न ती दर शनिवारी विचारी.

"तर सूनबाईचा डबा जाईल. मला त्याचीच काळजी जास्त."

"घरात एक बशी विसळायला सांगितली तर यांचे हात दुखतात, आणि तिकडे दोन बस बदलून बशा फोडायला जातात!"

नेमबाजीच्या मैदानावर हवेत उडवल्या जाणाऱ्या मातीच्या चकत्यांना या घरात बशा म्हणत. हयातभर लोकांचे कोट शिवलेल्या मास्तरांचा हा एकच शौक. पूर्वी ते मोटारीने जात. पण शेजाऱ्याचे फाटक त्यांनी दुसऱ्यांदा आडवे केले, डॉक्टरांनी उजव्या डोळ्याबद्दल चार शब्द सुनावले आणि मोटार विकली गेली. बसचा प्रवास सुरू झाला तशी एक नाजूक अडचण उभी राहिली. डेपोत दुसऱ्या बसची वाट बराच वेळ पाहावी लागे. मास्तरांच्या वयाला तेवढा धीर धरवत नसे. आणि बंदूक ना परवाना नसलेल्याच्या हवाली करता येई, ना स्वच्छतागृहातल्या खुंटीला टांगता येई.

शेवटी सूनबाईने परवाना काढला. सासऱ्याच्या लघुशंकेपायी बंदुकीचा परवाना काढणारी जगातली पहिली सून, असे मास्तरांचा मुलगा आपल्या बायकोला चिडवी. परवान्याआधी शिकवणी घ्यावी लागली, शिकवणीत बंदूक हाती धरावी लागली, आणि तिच्या हातून बशा फुटू लागल्या. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळ्याच. मास्तरांनी त्या दिवशी तिचे तोंडभरून कौतुक केले होते आणि घरी येताना सबंध वाटभर ते गप्प बसले होते.

ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करी. मास्तरांच्या तोंडातले दातही तिचेच. पहिल्यांदा ते हिरडीला टोचले तेव्हा मास्तर तसेच सोसत बसले होते. तिने ते काढून नेले, घासून आणले, पुन्हा नेले, पुन्हा आणले, ते शेंगदाणे फोडू लागेपर्यंत थांबली नाही. आताही मास्तर रुसले की ती म्हणे, "बाबा, माझ्यावर दात धरू नका. ते मीच केलेत."

चहाचा कप पुढे सरकवताना ती वाकली, आणि मास्तरांना तिच्या गालाच्या हाडावर पावडरीखालून डोकावणारा निळसर डाग दिसला.

"हे काय लागलं?"

"उशी लागली झोपेत."

"विटांची उशी घेतेस का?" बायको म्हणाली.

मास्तरांची नजर चामडी पेटीकडे गेली. बंदूक त्यांनी स्वतःच्या लांब हातांच्या मापाने करून घेतली होती. सूनबाईचा हात आखूड. त्या दस्त्यावर गाल टेकवायला तिला मान ताणावी लागे, आणि प्रत्येक बार नेमका हाडावर बसे. गिऱ्हाइकाला एक सुरकुती पडली तरी कोट उसवणाऱ्या माणसाला हे कळत नव्हते असे नाही. कळून त्यांनी ते बाजूला ठेवले होते.

बसच्या दारात मास्तर नेहमीप्रमाणे थांबले. "पेटीत बंदूक आहे. मोकळी आहे, सुटी केलेली आहे, परवाना खिशात आहे."

"मास्तर, आधी आत तरी या. मागं रांग लागलीय," चालक म्हणाला. "आज किती बशांना जीवदान देणार?"

पूर्वी तो 'किती फोडणार' असे विचारी. प्रश्न कधी बदलला ते मास्तरांना आठवेना.

शेजारच्या आसनावरच्या भाजीच्या पिशवीवाल्या बाईंनी हे संभाषण ऐकले नव्हते. त्यांनी पेटीकडे कौतुकाने पाहिले. "काय वाजवता हो?"

मास्तरांना खोटे बोलणे जमत नसे. त्यांनी तोंड उघडले, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "वाजतं बरंच. शेजारी टिकत नाहीत."

"आमच्याकडे नातू पेटी शिकतोय. तसंच आहे," बाई सहानुभूतीने म्हणाल्या.

"खरं सांगायला काय हरकत होती?" मास्तर पुटपुटले.

"काही नाही. फक्त त्यांची भाजी सगळ्या बसभर सांडली असती."

मैदानावर त्या दिवशी ऊन होते, असे मास्तरांनी पहिली बशी निसटल्यावर सांगितले. दुसरीच्या वेळी टोपी आड आली. तिसरीच्या वेळी चष्म्यावर धूळ होती. चौथी फुटली तेव्हा त्यांनी कोणतेही कारण दिले नाही. मग सूनबाई उभी राहिली. मान ताणून, दात आवळून तिने बार काढले आणि नारिंगी बशांचा आकाशात भुगा होत गेला. प्रत्येक बाराला ती डोळे किंचित मिटे. मास्तर आता बशांकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर तिच्या गालावर होती.

क्लबच्या चिटणीसबाई जवळ आल्या. त्या निवृत्त परिचारिका होत्या, दुखऱ्या जागी हलक्या हाताने बोलायची त्यांना सवय होती. "वार्षिक सामन्याच्या संघात एकच जागा उरलीय, मास्तर. तुमच्या घरातलं कोण, ते तुम्हीच ठरवून कळवा."

ती जागा गेली कित्येक वर्षे मास्तरांची होती. ठरवायचे असते हेच त्यांना नवीन होते.

"बाबाच!" सूनबाई घाईने म्हणाली. "मला त्या शनिवारी प्रयोगशाळेत काम आहे."

प्रयोगशाळा शनिवारी बंद असते. बसमध्ये इतक्या सफाईने बोलणारी ही मुलगी, आणि इथे तिला धड थापही मारता येऊ नये? मास्तरांनी बंदूक सुटी केली. लाकडी तुकडा त्यांनी तिच्या हाती दिला, तिने तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. दोघेही जरा जास्तच काळजीपूर्वक वागत होते.

परतीच्या वाटेवर डेपोत उतरल्यावर मास्तर आधी आपले काम उरकून आले आणि पेटी तिच्या हातून घेत म्हणाले, "आईचं गुडघ्याचं मलम आणायचंय ना? जा, घेऊन ये. मी बसतो इथं."

"आणि मध्येच पुन्हा जायचं झालं तर?"

"नाही होणार."

"असं तुम्ही मागच्या वेळीही म्हणाला होतात," असे बजावून ती औषधाच्या दुकानाकडे गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तसे मास्तर उठले आणि रस्ता ओलांडून बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात शिरले. तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास, भिंतीवर कानशी, बाकावर लाकूड आवळून धरायचा शिकंजा. आपल्या जुन्या दुकानाची आठवण व्हावी इतके ते नीटनेटके होते.

"या मास्तर. काय, चाप अडकतोय?"

"दस्ता कापायचाय."

"का? हात आखडले?"

"माझे नाही."

कारागिराने पेटीतून दस्ता काढून बाकावर ठेवला. "माप?"

"मला माप विचारतोस?"

सूनबाई लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात तिचा कोट त्यांनीच शिवला होता. बाहीचे माप त्यांच्या डोक्यात तसेच होते. त्यांनी जाकिटाच्या खिशातून खडू काढला. तो अजून तिथे असे. दोन बोटांवर अंदाज घेतला, लाकडावर एक रेघ ओढली, जरा मागे सरून पाहिली आणि केसभर पुढे घेतली.

"एकदा कापलं की तुमच्या खांद्याला ही पुन्हा बसायची नाही हं," कारागीर म्हणाला.

हेच वाक्य मास्तरांनी स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवले होते. बापाचा कोट लेकाच्या अंगाला बेतून घ्यायला आलेल्यांना. बाप शेजारी उभा असला की ते त्याच्याकडे पाहायचे टाळत आणि कात्रीची धार बघत.

"काप," मास्तर म्हणाले.

कारागिराने शिकंजा आवळला. त्यानेही करवतीकडेच पाहिले.

मास्तर परतले तेव्हा सूनबाई मलमाची पिशवी घेऊन फलाटावर येरझाऱ्या घालत होती. "कुठं गेला होतात? बस गेली ना! पेटी घेऊन असं न सांगता... मी आईंना काय तोंड दाखवणार होते?"

"दुसरी येईल."

ती आणखी बोलणार होती, पण तिची नजर त्यांच्या बाहीवर गेली. तिथे भुसा चिकटला होता. तिने पेटीकडे पाहिले, मग रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे, आणि तिचा हात नकळत गालाकडे गेला.

"बाबा, किती कापला?"

"तुझ्याइतका. घरी गेल्यावर खांद्याला लावून बघ. कुठं टोचला तर सांग, पुन्हा घासून आणू." मास्तरांनी हात पुढे केला. "ते लाकूड इकडे दे."

"पर्समध्ये आहे की. राहू दे."

"आजपासून ते माझ्याकडे. पेटी तू घे. चिटणीसबाईंना मी कळवतो. आणि प्रयोगशाळेत शनिवारी काम असतं हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, हसतील."

सूनबाईने खाली मान घालून पर्स उघडली. तुकडा त्यांच्या हाती देईपर्यंत तिला थोडा वेळ लागला. "बरं झालं," ती म्हणाली. "पर्समध्ये आता डब्याला ऐसपैस जागा." मग तिने त्यांच्या बाहीवरचा भुसा झटकला, पुन्हा पुन्हा, अगदी कण राहिला नाही तोवर.

बस आली. या वेळी सूनबाई पुढे चढली आणि दारात थांबली. "पेटीत बंदूक आहे. मोकळी आहे, सुटी केलेली आहे, परवाना खिशात..." ती अडली. "पर्समध्ये आहे."

सकाळचाच चालक होता. त्याने मागे डोकावून पाहिले. "आणि मास्तर, तुम्ही?"

"मी सोबतीला," मास्तर म्हणाले, आणि वीतभर लाकूड कोटाच्या आतल्या खिशात नीट सरकवून खिडकीजवळ जाऊन बसले.