सोल्युशनच्या डब्याची कबुली

मित्रांनो, आज मी आपणासमोर माझ्या आयुष्याची समग्र हकीकत निवेदन करणार आहे. ती वाचून कोणी माझी स्तुती करावी, अशी माझी इच्छा नाही. ही हकीकत सांगताना मान खाली जाणार आहे, आणि ती माझीच.

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या पोटात एके काळी चिकटवण्याचे पिवळे सोल्युशन होते. मद्रासच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि ब्याण्णव साली लॉरीत बसून मी तंजावरास आलो. त्या काळी बाजारात दर महिन्यास नवा माल येई, आणि लोक त्यास नव्या जावयासारखा मान देत.

रघुनाथराव यांच्या चित्रशाळेत मला स्थान मिळाले. तेथे फळीवर कापड चिकटवून, त्यावर काचेचे खडे व सोन्याचा वर्ख लावून देवांची चित्रे बनवीत. पूर्वी कापडासाठी चिंचोक्याची खळ शिजवीत. ती वाळण्यास दोन दिवस लागत. माझ्यामुळे ते काम दोन घटकांत होऊ लागले. रघुनाथराव आल्यागेल्यास मला दाखवून म्हणत, "बघा, हा खरा कामगार! कॉफी मागत नाही, दिवाळीचा बोनसही मागत नाही." सर्व हसत, आणि मी फुगून जाई.

कापड चिकटवण्याचे काम गुरुमूर्ती नावाचा तीस वर्षांचा कारागीर करी. त्याचे वडील दारूपायी गेले होते. म्हणून आईच्या अखेरच्या दिवशी त्याने कावेरीचे पाणी हातात घेऊन दारूस न शिवण्याची शपथ वाहिली होती. ती त्याने अक्षरशः पाळली. परंतु माझ्यावर वाकून काम करता करता त्यास डोके हलके होण्याची गोडी लागली. काम संपले तरी तो माझे झाकण लावीना. पुढे तो मुद्दाम वास घेऊ लागला.

शेजारी बसणारा मुरलीकृष्ण एकदा म्हणाला, "काय रे गुरु, डब्याशी लग्न लावलंस की काय? घरी कमलाक्षीअक्काला सांगू?"

"सांग की! घशाखाली थेंब तरी गेलाय का? आईची शपथ शाबूत आहे माझी."

मित्रांनो, माणूस देवास फसवू शकत नाही, परंतु स्वतःस फार सहज फसवितो. काही दिवसांनी त्याने मला घरी नेऊन माळ्यावर ठेवले. "ऑर्डरचं काम आहे," असे त्याने पत्नीस सांगितले. कमलाक्षीने विश्वास ठेवला. त्या विश्वासाच्या डोक्यावर मी, पुन्हा पुन्हा भरला जाऊन, दोन वर्षे बसून होतो, हे आठवले की माझा पत्रा आजही तापतो.

हळूहळू गुरुमूर्तीस आजार सोडीनात. सर्दी गेली की खोकला येई. तोंडातले फोड बरे होत नसत. काचेने बोट कापले, ती जखम महिनाभर वाहत राहिली. मग छातीच्या एका बाजूस पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. आमच्याकडे त्या नागिणीस अक्की म्हणतात, आणि कुंभाराने येऊन तिच्यावर तांबड्या मातीच्या कावेने आकृती लिहावी, अशी रीत आहे. कुंभारवाड्यातील वृद्ध चिदंबर ताता, म्हणजे आजोबा, वर्षात तिसऱ्यांदा काव उगाळून आला. दारी कडुनिंबाचा डहाळा लावला होता. शेजारणी त्या डहाळ्यास हात जोडीत आणि म्हणत, "बिचारा किती सोशिक! कसलं व्यसन नाही, काही नाही." ते ऐकून गुरुमूर्ती भिंतीकडे तोंड वळवी.

चिदंबर लिहिण्यासाठी छातीवर वाकला आणि थबकला. "तंबी, पोरा, अक्की म्हाताऱ्यांना येते. तुला वर्षात तीनदा? आणि श्वासाला हा कसला वास? माझ्या मातीला असा वास नसतो रे."

"कामाचा वास आहे, ताता."

"दहा दिवस अंथरुणात आहेस ना? कोणतं काम केलंस?"

गुरुमूर्तीने चादर गळ्यापर्यंत ओढली. चिदंबराने काव लिहिलीच नाही. वाटी उचलून तो कमलाक्षीस म्हणाला, "मुली, हे माझ्या हातचं नाही. डॉक्टरकडे ने."

त्याच दुपारी ताप चढला. कमलाक्षीने माळा धुंडाळला, मला पिशवीत घातले आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टर विजयलक्ष्मी यांनी रक्त तपासले. त्यांनी दोनदा विचारले, "कसला वास घेता का?" गुरुमूर्ती दोन्ही वेळा म्हणाला, "नाही हो, मी दारूला शिवत नाही." तेव्हा कमलाक्षीने मला मेजावर ठेवले. ती रडली नाही.

"अहो, मी तुमच्यासाठी तीन वेळा निंब बांधला. आता तरी खरं बोला. नाहीतर मी कशासाठी थांबू इथे?"

गुरुमूर्तीने मला स्वतःकडे ओढून घेतले. मग तो म्हणाला, "माझाच आहे तो. रोज घेतो."

डॉक्टर म्हणाल्या, "आता उपचार करता येतील. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या वेशीवरचे राखणदार समजा. हाडांच्या आतल्या मज्जेत त्या जन्मतात. या वासातलं विष तिथवर पोचतं. तुमचे निम्मे राखणदारही उरलेले नाहीत. आत येणाऱ्या रोगाला अडवणार कोण? आणखी वर्षभर घेतला असता, तर इथपर्यंत आलाच नसता."

बरे होण्यास त्यास दीड वर्ष लागले. मन अनेकदा ओढ घेई. तेव्हा तो कमलाक्षीस तसे उघड सांगे आणि दोघे तिरुवैयारुपर्यंत बसने जाऊन कावेरीच्या घाटावर बसून येत. रघुनाथरावांनी त्यास खिडकीपाशी बसवून वर्खाचे काम दिले.

मित्रांनो, मी वस्तू चिकटविण्यासाठी जन्मलो होतो, माणसास चिकटण्यासाठी नव्हे. माझ्यासारख्याचे झाकण कामापुरतेच आणि उघड्या हवेतच उघडावे. कोणी वास घेऊन पाहण्यास सांगितले, तर तेथून उठून यावे. आणि चूक झालीच असेल, तर लवकर सांगावे. लाजेने मनुष्य मरत नाही, परंतु लाज लपविताना मरू शकतो.

डब्यास वाचा नसते, हे आपण जाणताच. स्वतःच्या तोंडाने सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून मी त्याच्या आडून बोललो. त्या निर्जीवास विनाकारण लाजविले, याबद्दल त्याची क्षमा मागतो. शेवटपर्यंत वाचलेत, आपले मनःपूर्वक आभार.

आपला,
गुरुमूर्ती, चित्र कारागीर, तंजावर