जुगलबंदीची गाडी

सुभाष इंदोरेचं वाटोळं व्हावं, असं मी वर्षानुवर्षं मनापासून म्हणत आले आणि त्याचं कधी काही वाकडं झालं नाही. उलट तो यात्रा कमिटीचा अध्यक्ष झाला. पोट सुटलं, गळ्यात चेन आली, लोक त्याला सुभाषशेठ म्हणायला लागले. लहानपणी मी त्याला काका म्हणायचे, याची मला अजून लाज वाटते.

त्यानं काय केलं ते आधी सांगते. शर्यतीच्या बैलगाड्याला आमच्याकडे चार बैल लागतात. माझ्या बापाकडे, अण्णांकडे, दोनच होते, हिऱ्या आणि तुफान. सुभाषकडेही दोनच, लक्ष्या आणि पाखऱ्या. मग दोघांनी जुगलबंदी केली. म्हणजे बैल दोघांचे, गाडा दोघांचा, आणि घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या मैदानात, भोंग्यावरून नावं पुकारायची तीही दोघांची. आमच्याकडे बक्षिसापेक्षा या पुकाराला मान आहे. आमच्या शिनोलीच्या आसपासच्या दहा गावांसमोर आपलं आणि आपल्या बैलांचं नाव घेतलं जावं, एवढ्यासाठी माणसं बैलांना स्वतःच्या लेकरांआधी खाऊ घालतात. माझ्या वाटणीचं दूध त्या हिऱ्यानं प्यायलेलं आहे, म्हणून मला नीट माहीत आहे.

त्या वर्षी आमच्या यात्रेत यांचा गाडा पहिला आला. घाटाचा राजा! बक्षीस म्हणून कोरी काळी मोटारसायकल स्टेजवर हार घालून उभी होती. अण्णांनी नवा फेटा बांधला होता. निवेदक सुदर्शन भोंग्यावर ओरडला, "घाटाचा राजाऽऽ, सुभाष इंदोरे यांचा गाडा!" आणि थांबला. अण्णा तोवर स्टेजच्या दिशेनं निघाले होते. पुढचं नाव आपलं, या हिशोबानं ते चालत राहिले. नाव आलंच नाही. मैदानाच्या मधोमध, भंडाऱ्यानं पिवळा झालेला तो माणूस एक पाय पुढे टाकून उभा राहिला. कोणीतरी विचारलं, "अरं, सोपानचं नाव?" तेव्हा सुभाषनं माईक घेतला आणि हसत म्हणाला, "सोपानची बैलं म्या भाड्यानं आणली व्हती."

भाड्यानं! मी शाळकरी पोरगी होते, अण्णांचा हात धरून उभी. तो हात कसा गार पडला ते मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

अण्णा भांडले नाहीत. महिन्याभरात त्यांनी बैल विकले आणि पुन्हा घाट चढले नाहीत. सुभाष मात्र ती मोटारसायकल रोज आमच्या दारावरून न्यायचा आणि बरोबर दारातच हॉर्न वाजवायचा. पुढं शर्यतींवर बंदी आली, मग उठली. यात्रेच्या दिवशी नदीपलीकडून भोंग्याचा आवाज आला की अण्णा टीव्ही मोठा करून बसायचे. काय लागलंय तेही बघायचे नाहीत. एकदा साबणाची जाहिरात चालू होती आणि ते डोळे मिटून बसले होते.

मी आयटीआय केलं, मंचरला एका शोरूममध्ये गाड्या दुरुस्त केल्या, आणि मग घरीच गॅरेज टाकलं, आमच्या रिकाम्या गोठ्यात. हिऱ्या-तुफानाच्या दावणीवर आता माझे पाने ठेवलेले असतात. बाई गाडी काय दुरुस्त करणार, असं म्हणणारे सगळे माझ्याकडेच येतात, कारण जवळ दुसरं कोणी नाही.

मागच्या दिवाळीनंतर वारूळवाडीहून अजीजचाचांचा फोन आला. त्यांचं भंगारचं दुकान आहे, जुने सुटे भाग मी त्यांच्याकडूनच नेते.

"तेजू, तुमच्या गावची एक गाडी आलीय बघ भंगारात. मडगार्डवर 'घाटाचा राजा' लिव्हलंय. कापू का ठिऊ?"

"चाचा, हात लावू नका तिला," मी म्हणाले, आणि टेम्पो घेऊन निघाले.

गाडीची दशा बघून मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. सुभाषच्या पोरानं नवी गाडी घेतल्यावर ही कांद्याच्या बराखीत टाकून दिली होती. वर्षानुवर्षं तिच्यावर खताच्या गोण्या रचलेल्या. टाकीला गंजून भोकं पडलेली, सीट उंदरांनी फाडलेलं, एअर फिल्टरच्या डब्यात त्यांचा संसार. इंजिन जाम, किक तसूभर हलेना. ज्या गाडीपायी माझ्या बापाला मान खाली घालावी लागली, तिची सुभाषला एवढीही किंमत नव्हती! अरे, लुबाडलंस तर निदान सांभाळायचं तरी.

त्याच दिवशी मी ठरवलं. ही गाडी कोरी करायची, अण्णांना मागं बसवायचं, आणि यात्रेच्या दिवशी सुभाषच्या डोळ्यांसमोर स्टेजला नेऊन लावायची. भोंग्यावरून अण्णांचं नाव घेतलं गेलं पाहिजे. एकट्या अण्णांचं. सुभाषचं नाव त्या दिवशी कोणाच्या तोंडी येता कामा नये.

सगळा हिवाळा मी त्या गाडीवर काढला. गिऱ्हाइकांच्या गाड्या उरकल्या की ती पुढं ओढायची. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडून ठेवायचं, किक दाबून बघायची, पुन्हा सोडायचं. एक दिवस किक बोटभर हलली आणि मी गोठ्यात एकटीच ओरडले. पिस्टन गेला होता. नारायणगावला लेथवर सिलिंडर बोअर करून आणला. वायरिंग सगळं नवं केलं. टाकी पत्र्याचे तुकडे लावून जोडली, आत खडी आणि रॉकेल घालून खुळखुळ हलवली, तेव्हा चहाच्या गाळासारखा गंज बाहेर आला. गंजलेला प्रत्येक नट मी सुभाषचा कान पिळल्यासारखा पिळला. काही तुटले. तेव्हाही बरंच वाटलं.

पुढच्या व्हायझरवर त्याचं नाव रंगवलेलं होतं. ते मी मशीननं नाही, हातानं खरवडलं, पॉलिश पेपर घेऊन, सावकाश, एकेक अक्षर. त्याजागी घोडेगावच्या पेंटरकडून 'सोपान वाळुंज' लिहून आणलं.

अण्णा रोज दारात खुर्ची टाकून बघायचे. गाडी कुठली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. नाव लिहून आणलं त्या दिवशी ते उठून जवळ आले. चष्मा पुसून वाचलं.

"बैलांची नावं कुठंयत?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, एवढ्या जागेत तुमचंच कसंबसं बसलंय."

"हं," म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले. माझा जरा हिरमोड झाला. मग मी यात्रेला चला म्हणाले. मला वाटलं होतं हातापाया पडावं लागेल. पण ते एवढंच म्हणाले, "चालंल. फेटा हाय का बघ पेटीत."

यात्रेच्या दिवशी गाडी पहिल्या किकला सुरू झाली. अण्णा मागं बसले, एक हात माझ्या खांद्यावर. पूल ओलांडून घाटाकडं वळलो तशी माणसं वळून वळून बघायला लागली. काही म्हाताऱ्यांनी गाडी ओळखली, त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. मी मुद्दाम दुसऱ्या गिअरवर, हळू, सगळ्यांना दिसेल अशी नेली. स्टेजवर सुभाष मधल्या खुर्चीत बसला होता. त्यानं गाडी बघितली, मागं कोण बसलंय ते बघितलं, आणि हातातलं सरबत तसंच धरून राहिला. काय सांगू किती गोड वाटलं मला!

आणि तेवढ्यात सुदर्शननं घात केला. हा बाबा अजून भोंग्यावर असतो आणि डोळ्यांना दिसेल ते पुकारल्याशिवाय त्याला राहवत नाही. "अरे वाऽऽ! मंडळी, बघा बघा, जुनी आठवण आली! आपले अध्यक्ष सुभाषशेठ इंदोरे यांनी जिंकलेली मानाची गाडी घाटात दाखल झालेली आहे! टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. सुभाषच्या जिवात जीव आला, त्यानं हात जोडले. मी महिनोन्महिने राबून त्याचीच वरात काढली होती की काय! मी गाडी स्टँडला लावली आणि स्टेजवर चढून त्याची गचांडी धरायला निघाले, खरंच निघाले होते. अण्णांनी माझं मनगट धरलं. मग ते स्वतः स्टेजच्या पायऱ्या चढले आणि सुदर्शनपुढं हात केला. सुदर्शननं एकदा सुभाषकडे बघितलं, एकदा फेट्याकडे, आणि माईक देऊन टाकला.

अण्णांना माईकची सवय नाही. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"त्या सालचा गाडा," ते म्हणाले, "जुगलबंदीचा व्हता. मागच्या जोडीला हिऱ्या आन् तुफान. मालक सोपान वाळुंज. पुढच्या जोडीला लक्ष्या आन् पाखऱ्या. मालक सुभाष इंदोरे. भाड्याचं कुणीबी न्हवतं. घाटाचा राजा. दोघांचा गाडा."

एवढंच. घाटाच्या दोन्ही अंगाला हजारो माणसं उभी होती. मग मागून एका म्हाताऱ्यानं "भिर्रर्रऽऽ" केलं आणि सगळा घाट उठला. भंडाऱ्याच्या मुठी उधळल्या. बाप्ये हिऱ्या-तुफानाचं नाव घेऊन ओरडत होते. सुभाष खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा उतरला होता. सगळ्या गावासमोर त्यानं अण्णांचा हात धरायला हात पुढे केला.

"सोपान, बस की हितं वर. माझ्याशेजारी."

"न्हाई," अण्णा म्हणाले आणि त्याच्या हाताला न शिवता खाली उतरले.

परतीच्या वाटेवर मी पुलापर्यंत गाडी दामटली. मग गाडी बाजूला घेतली. माझं डोकं फिरलं होतं.

"अण्णा, त्याचं नाव का घेतलंत? त्यानं तुमचं घेतलं होतं का? त्याचं नाक कापायची एवढी संधी आली आणि तुम्ही त्यालाही मान देऊन आलात! मी कशासाठी मेले एवढी?"

अण्णा फेटा सोडत होते. शांतपणे त्याची घडी घालून त्यांनी मांडीवर ठेवली.

"त्याचं नाव गाळलं असतं, तर फिटंफाट झाली असती, तेजू. घरी जाऊन निवांत झोपला असता भाड्या," ते म्हणाले. "म्या झोपू द्यायचा न्हाई त्याला."