पाव मिलिमीटरचा ठिपका

छापील आकड्यातला दशांश चिन्हाचा ठिपका जेमतेम पाव मिलिमीटर रुंद असतो. त्याच्यावर उजेड पाडण्यात माझं आयुष्य गेलं.

मी एक जुना चिमट्याचा दिवा आहे, मित्रांनो. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला घट्ट धरायचं आणि मान वाकवून पानावर उजेड टाकायचा, हे माझं काम. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी माझी मान पुन्हा पुन्हा वाकवून पाहिली, मगच मला खोक्यात घातलं. तिथून मी मावशींच्या टेबलावर आलो. मावशी प्रुफं तपासतात. ओळीखाली पट्टी सरकवत त्या वाचतात आणि आकडा आला की मोठ्याने म्हणतात, "शून्य, ठिपका, पाच." नऊ वर्षांत आमच्या हातून एकही ठिपका सुटला नव्हता. "हा माझा तिसरा डोळा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी फुलून जाई.

गेल्या महिन्यात मात्र परिचारिकांच्या पुस्तकात औषधाची मात्रा ०.५ च्या जागी ०५ राहून गेली. म्हणजे दहापट! छापखान्यात पानं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ऐनवेळी पाहिलं म्हणून निभावलं. छापखान्याचा फोन मावशींनी खाली ठेवला.

"हा मेला मिणमिणतोय हल्ली," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मी हबकलोच. माझा उजेड तसूभरही कमी झाला नव्हता.

शेजारी बसलेली त्यांची भाची म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगून दोन वर्षं झाली. ऑपरेशनचं कधी ठरवतेस?"

"हातातलं पुस्तक संपू दे."

"तुझ्या हातातलं पुस्तक कधी संपलंय?"

"म्हणून तर पोट भरतंय. चल, नवा दिवा घेऊ."

दुकानात त्यांनी पिशवीतून मला आणि प्रुफाचं एक पान बाहेर काढलं. दुकानदाराने एकेक नवा दिवा लावून दाखवला.

"यात अक्षरं आणखीच पुसट झाली. भेसळीचा माल ठेवता काय?"

"भेसळ दुधात असते, बाई. उजेडात कशी करणार?" दुकानदार हसला आणि त्याने सगळ्यांत प्रखर दिवा लावला. त्याची तिरीप डाव्या डोळ्यावर आली, म्हणून मावशींनी तो डोळा तळहाताने झाकला.

"कोरा कागद काय देताय? माझं पान द्या."

पान त्यांचंच होतं, दोन्ही बाजूंनी छापलेलं.

भाचीने घाईघाईने मला लावलं. "आता?"

"कोराच आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मी सुन्न झालो. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की प्रखर उजेड आतल्या आत विखुरतो आणि अक्षरं त्यात बुडून जातात. मी जितका झटलो, तितका त्यांच्या वाटेत आलो होतो! उजेड कमी वाटला तर दिव्याची काच जरूर पुसा. पण तेवढ्यावर थांबू नका, आपले डोळेही दाखवा.

मावशींनी हात काढला. पान भरलं. पुन्हा झाकला. पान रिकामं झालं. असं त्यांनी तीनदा केलं. मग मला विझवून, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

"याला काही झालेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "छापखान्यात कळव, पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. आणि डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घे."