पिशवीतला तिसरा कप

पिशवीत कप दोनच होते. दोन कप, दोन ताटल्या, दोन टॉवेल, दोन चादरी, विजेची किटली, साबण, एक बल्ब. नव्या घरातल्या पहिल्या रात्रीची पिशवी. अहो, ही पिशवी भरायला सूनबाईला मीच शिकवलं! उभी हयात लोकांचं सामान हलवण्यात गेली माझी, हमालांचा मुकादम होतो. पहिल्या रात्रीचं वेगळं बांधा, हे गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगायचो.

आणि घरात माणसं किती? मुलगा, सून आणि मी. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"माझी औषधं कुठायत गं?"

"माझ्या पर्समध्ये आहेत, बाबा," सून म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

पर्समध्ये! म्हणजे मला कुणाच्या हवाली करताना चटकन काढता यावीत. मी काय दुधखुळा आहे? कित्येक दिवस दोघं दार लावून कुजबुजत होती, मी आलो की गप्प. म्हातारा नको झाला की आश्रम शोधतात, आणि तोंडावर कोण सांगतं असलं?

ती आतल्या खोलीत गेली तशी मी भांड्यांच्या उघड्या खोक्यातून त्याच सेटमधला तिसरा कप काढला, फडक्यात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी खुपसला. न्या मला कुठे न्यायचं तिथे. चहा पिताना हा कप दिसू दे, घोट अडकू दे घशात.

सगळं चढवून झाल्यावर खाली गेलो, तर खात्रीच पटली. माझी खाट, पेटी, आरामखुर्ची ट्रकात पार आत. आणि चिरंजीवांचं टेबल, कॉम्प्युटर, बॅगा दाराशी. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, माल दोन ठिकाणी टाकायचा असला की आधी उतरवायचा तो दाराशी. म्हणजे ट्रक आधी नव्या घरी, मग मला टाकायला.

"दोन ठिकाणी जायचंय का रे?" मी मुलाला विचारलं.

"बाबा, गाडीत बसा ना," तो म्हणाला. चेहरा एवढासा झालेला. होणारच की! जन्मदात्याला सोडायला निघालास, लेका.

तो ट्रकात बसला. मागे आमची गाडी, सून चालवत होती, पिशवी माझ्या पायाशी. एका अरुंद इमारतीपुढे ट्रक थांबला. टेबल उतरलं, बॅगा उतरल्या.

"उतर सूनबाई," मी म्हणालो. "आलं तुमचं घर. ही पिशवी घे."

"हे आपलं घर नाही, बाबा."

हमालांनी ट्रकाचं दार लावलं. मुलगा खिडकीशी आला. "रविवारी येतो भेटायला," म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तिनेही त्याच्याकडे नाही. गाडी निघाली.

"आम्ही वेगळे होतोय," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "तो म्हणाला, बाबांना मी सांगतो. रोज उद्यावर ढकलत राहिला. त्याच्याकडे एकच खोली आहे, वर लिफ्ट नाही. मी म्हटलं, बाबा माझ्याकडे राहतील. तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलंच."

तिचं कपाटही ट्रकात आतच होतं, माझ्या खाटेला लागून. मी पाहिलं होतं ते. एवढी मुकादमकी केली आणि आपल्याच घरचा ट्रक मला कळला नाही.

नव्या घरात अजून उजेड होता, तरी तिने बल्ब लावला. किटली ठेवली. पिशवीतून एक कप काढला, दुसरा काढला आणि मग तळातलं फडकं सोडलं. तो कप तिने दोन्ही हातांत धरला.

"तुम्हाला कळलं होतं ना, बाबा?" तिचे डोळे भरून आले. "त्याच्यासाठी ठेवलात?"

काय सांगू? की आधीच्या दोन कपांतला एक माझा होता आणि मी तुलाच चोर ठरवत होतो? लाजेने मान वर होईना.

"हो," म्हणालो. "आला कधी, तर असू दे."

तिने तो धुऊन फळीवर पालथा ठेवला आणि आम्हा दोघांचा चहा ओतला.