खणातला जुना प्रोसेसर

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचं समजावून सांगणं काही निवृत्त झालं नाही. गल्लीच्या टोकाला त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, काय बिघडलं आणि का बिघडलं हे त्याच्या डोक्यात उतरल्याशिवाय मास्तर मशीन हातात देत नसत. दुसरी खोड अशी, की काढलेला जुना प्रोसेसर ते कधी टाकून देत नसत. टेबलाच्या खणात अंड्यांचा एक पुठ्ठ्याचा ट्रे होता. प्रत्येक खळग्यात एक प्रोसेसर, आणि त्याच्याखाली तो कुणाच्या मशीनचा याची चिठ्ठी. दुपारी हा खण जरा कोमट लागायचा. वर टेबलावर सोल्डरिंग गन तापत असते, तिचीच ऊब खाली उतरत असणार, असं मास्तरांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

एका सोमवारी एक बाई मशीन घेऊन आल्या. सोबत दहा वर्षांची लेक. खोडरबर, बटणं, पेनांची टोपणं, जे सापडेल ते ती कुठंतरी दडवून ठेवायची, म्हणून घरात तिचं नाव खारूताई पडलं होतं. बाई घरी बसून शाळेच्या पुस्तकांची पानं मांडायच्या. मशीन इतकं मंद झालं होतं की एक चित्र उघडेपर्यंत कपातला चहा गार व्हायचा. असंच चाललं तर काम हातचं जाईल, असं त्यांनी सांगितलं. नवा प्रोसेसर त्यांच्या पिशवीतच होता, सीलबंद डब्यात. नवऱ्यानं आणलेला.

"रविवारी बसवतो म्हणाले होते," बाई म्हणाल्या. तो रविवार उजाडायच्या आतच ते गेले. त्या गोष्टीला आठ महिने झाले होते.

आई पायरी उतरली तशी खारूताई मागं रेंगाळली आणि टेबलाला चिकटून उभी राहिली.

"मास्तर, हे रोज चार वाजून दहा मिनिटांनी आपलं आपण चालू होतं. मी शाळेतून येते ना, तेव्हा. बाबांनीच तसं केलंय. तेवढं घालवू नका."

"त्यात काय मोठंसं," मास्तर म्हणाले. "गजर लावलेला असणार. मी वहीत लिहून ठेवतो आणि काम झालं की पुन्हा लावतो."

मंगळवारी त्यांनी मशीन चालू करून आतल्या सेटिंगा उघडल्या. गजर लावलेला नव्हता. कधी लावल्याची खूणही नव्हती. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळं त्या मशीनच्या लेखी अजून कुठल्यातरी जुन्या वर्षाची पहिली मध्यरात्र चालली होती. मास्तरांनी ते बंद केलं आणि दुसऱ्या कामाला लागले. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली, आणि पाठीमागं मशीनचा पंखा घरघरला.

बुधवारी त्यांनी वायरच काढून ठेवली. चार दहाला पंखा सावकाश अर्धा वळसा फिरला आणि थांबला. आत उरलीसुरली वीज राहते, मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. लगेच त्यांना आठवलं, की सकाळी बटण दाबून धरून ती वीज आपणच काढून टाकली होती. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. मास्तरांनी मायलेकींना तीन वाजता बोलावलं आणि खारूताईला स्टुलावर बसवलं.

"तुझ्या बाबांनी खाचा बघून प्रोसेसर घेतला. खाचा अगदी बरोबर जुळतात. पण तेवढ्यानं भागत नाही. हा मदरबोर्ड म्हणजे एक म्हातारा राखणदार समज. त्याच्याजवळ एक चिमुकली वही आहे. वहीत नाव असेल त्यालाच तो आत घेतो. नव्याचं नाव तिच्यात नाही."

"मग लिहा की."

"लिहिता येतं. पण वहीत जागा नाही गं. नवी नावं लिहायची तर काही जुनी खोडावी लागतात. जुन्या प्रोसेसरचं नाव त्यातच आहे. एकदा खोडलं की हा बोर्ड त्याला पुन्हा ओळखणार नाही. आणि वही परत पहिल्यासारखी करता येत नाही."

बाईंना यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना; करून टाका, त्या म्हणाल्या. मास्तर मात्र मुलीकडंच बघत राहिले. शब्द दिला होता तो तिला, आणि पाळता येईल की नाही हे आता त्यांनाच ठाऊक नव्हतं.

खारूताईनं बराच वेळ नखं कुरतडली. मग म्हणाली, "नवा बाबांनीच आणलाय ना? मग बसवा."

जुना प्रोसेसर जागेवर होता तोवरच मास्तरांनी नवी वही बोर्डात उतरवली. मग मशीन बंद करून जुना अलगद काढला, पुसून ट्रेच्या मोकळ्या खळग्यात ठेवला, खाली चिठ्ठी सारली आणि खण लोटला. नवा बसला. पडदा उजळला. चित्र टिचकीसरशी उघडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणी हातातलं ओझं घेतल्यासारखे बाईंचे खांदे खाली आले. मशीन बंद करून वायर मात्र लावलेलीच ठेवा, एवढं खारूताईनं सांगितलं. ती घड्याळाखाली जाऊन उभी राहिली.

चार वाजून दहा मिनिटं झाली. अकरा झाली. मशीन गप्प.

मुलगी रडली नाही. तिला निदान तो जुना तरी हातात द्यावा, म्हणून मास्तरांनी खण ओढला, प्रोसेसर उचलला, आणि त्यांचा हात थबकला. अर्धा-पाऊण तास यंत्राबाहेर पडलेला तो चौकोनी तुकडा ऊन होता. कुणी नुकताच हात सोडवून घ्यावा, तेवढा ऊन. त्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला. खारूताईनं मूठ मिटली, ओठाशी नेली आणि हळूच म्हणाली, "मी आले, बाबा."

"काय गं?" आईनं विचारलं.

"काही नाही," म्हणत खारूताईनं मूठ खिशात दडवली.

त्या गेल्यावर मास्तर खण बंद करायला वळले. आत हात घातला. खण कोमट होता. त्यांनी वर पाहिलं. सोल्डरिंग गन खिळ्याला टांगलेली होती, वायर सकाळपासून गुंडाळलेलीच. एकेका खळग्यावरून ते बोट फिरवत गेले. गार. गार. गार. सहाव्यावर बोट थांबलं. थोडं पुढं, आणखी एकावर.

 त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली, सहाव्या खळग्यातली चिठ्ठी बाहेर ओढली आणि तिच्यावरच्या नावापुढं वेळ लिहिली.